चिंचेपाशी बंद होणारी फटफटी

मित्रांनो, कागदावर मी मोटारसायकल असले, तरी राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर मला फटफटी याच नावानं ओळखतात. आता मी जुनी झाले. माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. गोऱ्या शिपायांनी मला चिखलातून हाकलं, मग मी नगरच्या लष्करी छावणीत कितीतरी दिवस पडून राहिले, आणि एका लिलावात गहिनीनाथनं मला घेतलं. माझा हिरवा रंग खरवडून त्यानं काळा दिला, टाकीवर शेंदराचं बोट टेकवलं आणि पेरूच्या पाट्या बांधून तो मला बाजाराला नेऊ लागला.

माझ्या पोटात एकच सिलिंडर आहे, पण चांगला मोठा. इंजिनाचे दोन फेरे झाले की एक ठोका पडतो. म्हणून मी सावकाश बोलते. डग... डग... डग. गहिनीनाथची आई गोजरबाई म्हणायची, "ही गाडी न्हवं, जात्यावर बसल्याली बाई हाय." संध्याकाळी ओढ्याकाठच्या चिंचेच्या वळणावर माझा आवाज आला की ती परातीत पीठ घ्यायची आणि गुणगुणायची,

लोखंडाच्या घोड्याची टाप वाजे वळनाला
पीठ भिजविलं बाई माझ्या गहिनीबाळाला

मी दारात येईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर उलटलेली असे.

राहात्याला रंगनाथ मिस्त्रीच्या गॅरेजात नव्या गाड्याही यायच्या. चकचकीत टाकीची जावा, सडपातळ राजदूत. त्यांच्या इंजिनात दर फेऱ्याला ठोका, त्यामुळे त्या झटकन वेग घ्यायच्या. व्हॉल्व्हची कटकट नाही, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मागं निळा धूर सोडायचा आणि पळायचं. मी त्यांच्यापुढं जड आणि हट्टी. थंडीत चार किका खाल्ल्याशिवाय जागीच होत नसे.

एकदा एक जावावाला हसून म्हणाला, "मिस्त्री, ही म्हातारी अजून जित्ती हाय व्हय? चढाला हिच्यासंगं चालत जाता येतं म्हन्त्यात!"

"जा की चालत, तुजं प्वाट तरी उतरंल," रंगनाथ म्हणाला. "तुजी जावा बोलती भराभरा, ही बोलती इचार करून. धा जावा गेल्या तर कोन कोनाची सांगता येनार न्हाई. हिला मातर मी कोसावरनं वळकीन."

त्या दिवशी मी फुगून गेले होते. ओळखू येणं कुणाला किती जड जाईल, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

पुढं गहिनीनाथला काविळीनं गाठलं. त्याला जीपमधून नगरला नेलं, आणि तो परत आला तो चार जणांच्या खांद्यावर. मी गोठ्यात गोणपाटाखाली उभी होते. रडणं ऐकलं, मग बरेच दिवस काहीच ऐकलं नाही.

एकाहत्तर साली त्याच्या धाकट्या भावाला, कानिफनाथला, साखर कारखान्यात काम लागलं. त्यानं मला पुसलं, प्लग बदलला, किक मारली. मी बोलले. मला आवाज एकच येतो, मित्रांनो.

त्या संध्याकाळी आम्ही चिंचेच्या वळणावर आलो, आणि वस्तीवरची कुत्री शेपट्या हलवत धावत सुटली. उसाला पाणी देणारा एक म्हातारा खोरं टाकून ताठ उभा राहिला. दारात गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, की मधले दिवस जणू कुणी पुसून टाकलेत. मग तिनं कानिफचं तोंड पाहिलं. उजेड विझला.

"तू व्हय," ती म्हणाली.

त्यात राग नव्हता, पण कानिफचे हात माझ्या हँडलवर थंड पडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गेलेला माणूस माझ्यावर बसून दारापर्यंत यायचा आणि दारात कानिफ उतरायचा.

शेवटी कानिफनं मला चिंचेपाशीच बंद करायला सुरुवात केली. तिथून घरापर्यंत तो मला मुकाट ढकलत आणी. एवढं माझं लोखंड, वाट चढाची. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. मी अंधारत्या वाटेवरून चाकं फिरवत निघायचे, तोंडात बोळा कोंबल्यासारखी. माझी मलाच भीती वाटायची.

त्याची बायको चांगुणा म्हणाली, "आवं, गाडी तुमाला आनती का तुमी गाडीला?"

"पेट्रोल संपलं."

"रोज? आन बरं चिचंपाशीच संपतं!"

एका रविवारी तो एसटीनं राहात्याला गेला आणि परत आला तो जावावर. रंगनाथनं एक दिवस चालवून बघायला दिली होती. पटली तर माझ्या बदल्यात ती ठेवायची. मी गोठ्यातून ऐकत होते. जावा झपझप वळण घेऊन दारात आली. कुत्री भुंकली. गोजरबाई चुलीपुढून उठली नाही. पाठमोरीच म्हणाली, "कोन हाय? कानिफ घरी न्हाई."



सकाळी त्यानं मला बाहेर काढलं, तशी गोजरबाई आडवी आली.

"कुटं नेतोस हिला?"

"बदलून टाकतो, आई. हिच्या आवाजानं तुला तरास व्हतो."

"मला तुजं कायबी कळत न्हाई आसं वाटतं व्हय रं? सांजंला मी कान लावून बसते. आवाज येतो, येतो, आन चिचंपाशी मरतो. रोज मरतो, बाबा. एकदा मेला तेवढं पुरं न्हाई का?"

कानिफनं मला स्टँडला लावलं. "मग माजं तोंड बघून 'तू व्हय' का म्हन्तीस? मी कोनीच न्हाई का तुजा?"

 म्हातारीनं माझ्या टाकीवर तळवा टेकवला. "तोंडातून जातं रं," ती म्हणाली. "पर मला दारात येऊ दे. चुकू दे मला. चुकून चुकूनच सवय व्हईल."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला वेळेवर तेल द्या, चेन साफ ठेवा, पावसात उघडी टाकू नका, एवढंच मागण्याचा मला हक्क. पण तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर ती मोडीत घालण्याआधी किंवा तिचं तोंड बंद करण्याआधी जरा विचारा, की तिच्याकडं कान लावून कोण बसलेलं असतं.

जावा परत गेली. त्या संध्याकाळी चिंचेजवळ कानिफचा अंगठा सवयीनं हँडलवरच्या, मला बंद करायच्या कळीकडं गेला. मी श्वास धरला. त्यानं अंगठा मागं घेतला, आणि आम्ही पूर्ण आवाजात चढ चढलो.

गोजरबाई तांब्या घेऊन दारात आली. तोच उजेड. मग तिनं पाहिलं. उजेड थरथरला, खाली गेला.

"ग..." तिच्या तोंडून निघालं. तिनं तांब्या पुढं केला. "कानिफा, पाय धू. भाकर टाकते."

त्यानं तांब्या घेतला. मला मात्र बंद केलं नाही. तो पाय धूत होता, आणि ती दाराला टेकून, डोळे मिटून, माझे ठोके ऐकत उभी होती.