ओसाड जमिनीतले अननस

काहायान नदीकाठच्या काळ्या दलदलीत लामियांग मावशीने अननस लावले होते. भात पिकवायच्या हौसेपायी सरकारने एकेकाळी कालवे खोदून ही जमीन सुकवली. कुजक्या पाल्याची ती माती सुकल्यावर पेटली, जळाली आणि सरकार निघून गेलं. मावशी राहिली. कालव्याला बांध घालून तिने पाणी परत आणलं.

जमिनीच्या पाहणीला आलेला सरकारी माणूस यापेत टॅबवर बघून म्हणाला, "मावशी, उपग्रहाच्या नकाशात ही जमीन ओसाड आहे. पुढच्या महिन्यात कंपनीला जाणार."

"मग मी कोण?"

"नकाशात तुम्ही झुडूप आहात."

एवढं बोलून तो पाण्याची पातळी मोजायच्या नळीकडे निघाला. मावशीने टाकलेली फळी सोडून, जवळचा रस्ता म्हणून थेट दलदलीत उतरला आणि कमरेपर्यंत रुतला.

"मावशी, हात द्या!"

"झुडपाला हात नसतात रे बाबा."

मावशी फळीवर बसून निवांत अननस सोलू लागली. यापेत आणखी चार बोटं खाली गेला. टॅब त्याने डोक्यावर धरला.

"लिहितो! इथे शेती आहे, लिहितो!"

"कुणाची?"

"लामियांग मावशीची!"

"मावशी तुझी. नकाशाची नाही. पूर्ण नाव घाल."

"हा टॅब पुरावा मागतोय!"

"स्वतःचा फोटो काढ. मागे अननस येऊ देत."

नोंद पोचल्याचा आवाज आला, तेव्हाच मावशीने उठून फळी त्याच्यापुढे सरकवली. मग तो वर आल्यावर फोटो बघून म्हणाली, "हसला असतास तर काय बिघडलं असतं?"