फाट्यावर मोजलेलं गाव

मित्रांनो, मान वर करून वाचा. मी हिवरदरी फाट्यावरची जुनी लोखंडी पाटी आहे. वय सत्तेचाळीस, आणि आजही ताठ उभी आहे.

अमडापूरच्या लोहाराने मला घडवले आणि रामराव पेंटरांनी माझ्यावर ठसठशीत लिहिले : 'हिवरदरी ३ कि.मी., लोकसंख्या ६४२.' उंद्रीची बस माझ्याजवळ थांबे आणि सरळ निघून जाई. मग भाजीच्या टोपल्या, लेकुरवाळ्या, पाहुणे, सारे तीन किलोमीटर पायी.

दरवर्षी दिवाळीआधी रामराव येत, गंज खरवडत आणि एकेक अक्षर नव्याने गिरवत. एवढी निगा कोणत्या पाटीची होते? मी मिरवत असे. आकडाही तितक्याच निष्ठेने गिरवला जात होता, हे माझ्याही ध्यानात आले नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बसचे साहेब जीपमधून आले. गावात बस न्यायची की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांनी मला वाचले. "सहाशे बेचाळीस! एवढ्याशा गावासाठी गाडी कशी वळवू?" म्हणाले आणि उंद्रीकडे निघून गेले. माझ्या सावलीत अकरावीची धम्मशीला उभी होती. या वाटेपायी तिच्या चार मैत्रिणींचे शिक्षण सुटले होते. आता तिच्या घरातही तोच विषय निघू लागला होता. त्या दिवशीचे कॉलेज बुडवून ती गावाकडे धावली.

दोन तासांत तिची आजी, जनकाबाई, काठी टेकत माझ्यासमोर उभी राहिली. सोबत रामराव.

"काऊन हो रामराव, हा आकडा कवाचा?"

"पाटी लावली तवाचा. दरसाल मीच गिरवतो," रामराव अभिमानाने म्हणाले.

"मंग तुमचे सात नातू काय झाडावर राह्यतेत?"

रामराव बोटांवर नातू मोजू लागले. लोखंडाला लाज वाटते की नाही ते ठाऊक नाही, मला वाटली.

साहेब याच रस्त्याने परतणार होते. जनकाबाईंनी विहाराच्या आणि मंदिराच्या, दोन्ही भोंग्यांवरून सांगावा धाडला : घरोघरचे सारे फाट्यावर या. ट्रॅक्टर आले, बैलगाड्या आल्या, कडेवरची पोरे आली.

"रस्ता आडवायचा नाही," जनकाबाईंनी बजावले. "कडेनं रांगेत उभं राह्यचं. आपल्याले मोजून घ्यायचं हाये."

दुपारी जीप थबकली. साहेब घाबरून म्हणाले, "मोर्चा आहे का, बाई?"

"मोर्चा नाही, साहेब. गाव हाये. मोजा."

साहेब मोजू लागले. नऊशेच्या पुढे त्यांचा घसा सुकला. जनकाबाईंनी तांब्या पुढे केला. "पाणी प्या, अन् पुढं मोजा. गोपाल, तू मघाशी मोजला गेला बे! तिकडं उभा राह्य!"

रांगेत हशा पिकला. साहेबही हसले. शेवटचे तान्हे मोजून त्यांनी कपाळ पुसले. "तेराशे सतरा."

"वावरात राखणीले गेलेले येगळे," जनकाबाई म्हणाल्या.

साहेबांनी वहीतला जुना आकडा खोडला. महिन्याभराने बस माझ्याजवळ आली, आणि मित्रांनो, थांबली नाही. ती वळली! पहिल्याच बाकावर जनकाबाई, शेजारी धम्मशीला. चालकाने मला भोंगा वाजवून मान दिला.

आता माझ्या सावलीत फारसे कोणी टेकत नाही. चुकल्याचुकल्यासारखे होते, पण तक्रार नाही. माझे गाव माझ्यासमोरून बसून जाते. यंदा दिवाळीआधी रामराव डबा घेऊन आले, तेव्हा जनकाबाईंनी काठी आडवी धरली. "आधी घरं मोजून या. मंग ब्रश बुडवा."

मुलांनो, तुमच्या गावाच्या वेशीवरही माझी एखादी बहीण उभी असेल. तिची धूळ पुसा, तिला रंग द्या. पण त्याआधी गावात एक फेरी मारा. आम्हा पाट्यांना खोटे बोलायचे नसते. आम्ही तुम्ही लिहाल तेवढेच बोलतो.