वरची खिडकी, खालची खिडकी

कॉम्प्युटरच्या दोन कळा दाबायच्या बदल्यात धान गिरणीतल्या जागेश्वरला काय काय मिळत होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. चैत्राच्या उन्हात अख्ख्या तुमसरची टाळू तापलेली असताना त्याला थंडगार खोली मिळत होती. फिरती खुर्ची मिळत होती. दुपारी काळ्या-पांढऱ्या गोट्यांचा खेळ मिळत होता. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे सिहोऱ्याला जाणं टळत होतं.

सिहोऱ्याला गिरणीच्या कृष्णराव मालकांचं धानाचं गोदाम होतं. तिथं कोंड्यानं अंगाला खाज सुटायची, पण जागेश्वर खाजेला भीत नव्हता. गोदामाला लागूनच त्याची सासुरवाडी होती. बदली झाली की मुक्काम सासूकडे. चार दिवसांचा जावई पाहुणा असतो आणि महिनाभराचा जावई गडी होतो, हे त्यानं साडूच्या उदाहरणावरून पाहिलं होतं. साडू आता सासूची म्हैस धूत होता.

कॉम्प्युटर धान गिरणीत आला एकोणनव्वद साली. गोंदियाच्या ज्या घरी मालकांच्या मुलीची सोयरीक चालली होती, त्यांच्या गिरणीत एक होता. व्याह्यापेक्षा उणं दिसायचं नाही म्हणून कृष्णरावांनीही आणला. नागपूरहून आलेल्या इंजिनीअरनं सांगितलं, याला धूळ चालत नाही, गरमी चालत नाही. तेव्हा माणसांच्या डोक्यावर जिथं पंखा नव्हता त्या गिरणीत यंत्रासाठी गार हवेची खोली झाली, आणि खोलीबाहेर पाण्याची बादली आली. चपला काढा, पाय धुवा, मग आत. माताबाईच्या देवळात चिखलानं जाणारी माणसं इथं टाचा घासून जाऊ लागली.

पडद्यावर चौकटी उघडत. इंजिनीअर त्यांना खिडक्या म्हणायचा. एका खिडकीत धानाची आवक, दुसरीत पत्रं, आणि तिसरीत हात बसावा म्हणून ठेवून दिलेला तो गोट्यांचा खेळ. गादीवरच्या कागदांसारख्या या खिडक्या एकीवर एक बसत. दोन कळा जोडीनं दाबल्या की वरची खाली जाई, खालची वर येई. जागेश्वर आवक शिकला चार दिवसांत आणि या दोन कळा शिकला एका दुपारीत.

मालकांची चाहूल लागायला त्याला कान टवकारावे लागत नसत. कृष्णराव नाडीचे बूट घालत. वाकले की पोट आडवं येई, पोटाखालून नाडी सापडेपर्यंत ते दोनदा गिरणीला आणि एकदा बूट करणाऱ्याला शिव्या देत. मग बादलीतला तांब्या वाजे. तोवर जागेश्वर सावकाश गोटी ठेवी, दोन कळा दाबी आणि आवकीकडे असा पाहत बसे, की पोतं न् पोतं त्यानंच शिवलं असावं.

पाडव्याला सोयरीक पक्की झाली. जागेश्वरनं पेढे खाल्ले. सोयरीक जुळली तर चैत्रातलं नवरात्र अनवाणी चालीन, हा मालकांचा नवसही त्यानं ऐकला आणि इतरांसारखा हात जोडला. आता जागेश्वर एवढा हिशेबी, पण बूट नाही म्हणजे नाडी नाही, आणि नाडी नाही म्हणजे शिव्या नाहीत, एवढी साधी वजाबाकी त्यानं केली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कृष्णराव डांबरी सडकेवरून भाजत आले. बादली दिसताच त्यांनी तांब्याबिंब्या न घेता दोन्ही पाय बादलीतच घातले, आणि तसेच ओले आत आले. गार फरशीला तळवे लागले तसे त्यांचे डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर पडद्यावर गोट्या.

मागे थेंब पडल्यासारखं वाटून जागेश्वर वळला, आणि त्यानं कळा दाबल्या.

"ते कुठी गेलं गा?" मालकांनी विचारलं.

"काय जी, मालक?"

"काऱ्या-पांढऱ्या गोट्याचं पट."

"पट कायचं जी. ही आवक होय ना."

"जागेश्वर, माह्या पायाले फोड आले हायेत. डोऱ्याले नाही आले."

जागेश्वरनं पट वर आणला. आवक कुठे गेली म्हणून विचारल्यावर ती जात नाही, खाली बसते, असंही सांगितलं.

"तू बी बसशीन. सिहोऱ्याच्या गोदामात," कृष्णराव म्हणाले. पण त्यांची नजर पटावरच होती. "कोणासंग खेळून राहिला होता तू?"

"मशीनसंग, मालक."

"जिंकते कोण?"

"मशीनच जिंकते जी."

हे मात्र कृष्णरावांना लागलं. "मशीन माही, वीज माही, गार हवा माही, अन् माह्याच माणसाले हरवते? सरक."

ते बसले आणि हरले. यंत्राची काहीतरी लबाडी आहे म्हणत पुन्हा बसले, पुन्हा हरले. संध्याकाळपर्यंत सिहोऱ्याचं नाव निघालं नाही.

मग नवरात्रभर हेच. देवीचे दिवस म्हणून मालक दुपारी एकांतात बसतात, अशी गिरणीत वार्ता पसरली. खुर्ची मालकांची झाली, जागेश्वर दाराशी उभा. त्याला ठेवलं होतं ते एका कारणासाठी. मालकांच्या डाव्या तळहातावर कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, तेव्हा दोन कळा जोडीनं दाबायला दुसरा हात कुठून आणणार? आणि कळा दाबाव्या लागणार होत्या, कारण गिरणी होती गोदावरीबाईंच्या माहेरच्या पैशातली. मालकीणबाईंचं घर अंगणापलीकडेच होतं.

"ती आली की धावजो. हुकलास त सिहोरा," मालकांनी बजावलं.

नवमीच्या आदल्या दिवशी त्या आल्या. जागेश्वर धावला, मालकांच्या बगलेतून हात घातला, कळा दाबल्या. पट खाली, आवक वर. काम चोख झालं. गोदावरीबाई पाय धुऊन पदराला पुसत आत आल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"देवीचं नाव लिवण्यात गुंतले होते वाटते."

"आवक पाहून राहिलो," कृष्णराव म्हणाले.

"शेवटची गाडी कोणत्या तारखेची हाय जी?"

कृष्णरावांनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरनं पडद्याकडे पाहिलं. वर आणलेल्या खिडकीत पाडव्यापासून कोणी काही भरलंच नव्हतं. खुर्चीवर खेळ होता आणि जो आवक भरायचा तो दाराशी पहारा करत होता.

"पाडव्याची," तो पुटपुटला.

"मंग अंगणात उभ्या हायेत त्या गाड्या का वरातीच्या होत?"

कृष्णरावांनी तत्परतेनं बोट केलं. "मी म्हणतच होतो. हा पोरगा काम करत नाही. याले सिहोऱ्याले धाडतो."

"धाडा ना," गोदावरीबाई म्हणाल्या, "अन् संग तुमी बी जा. कामचोरावर मालकाची नजर पायजे. लग्नाचं सामान घेयाची येळ येतवर तिथंच बसा, गोदाम मोजा. इथलं मी पाहीन."

त्यांनी खुर्ची ओढली, बसून एक गिरकी घेतली. फिरते हे त्यांना पसंत पडलं. मग गार हवेत पाय वर घेऊन त्यांनी सांगितलं, "जागेश्वर, जायच्या आंधी तेवढं ते गोट्याचं वर आणून दे. पूर्ण गावाले मालूम हाय, मलेच कोणी दाखवलं नाही."

सिहोऱ्यात मालकांनी राहायचं कुठं, हा प्रश्न उरला नाही. गोदामाला लागून घर होतंच. जागेश्वरची सासू पार्वताबाई दारात आली, जावयामागे गिरणीचा धनी पाहून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "या मालक, बसा. जवाईबापू, तुमी जरा म्हशीले पाणी दाखवा."

नवरात्र सरलं होतं, तेव्हा मालकांना कोंबडी चालत होती. पहिल्या रात्री कापली, मग पाहुण्याचा मान म्हणून दुसरी कापली, मग खंड नको म्हणून तिसरी. तंगडी मालकांच्या ताटात, मान जावयाच्या. साडू शेजारी बसून रस्सा ओढत होता आणि बऱ्याच वर्षांनी खुशीत दिसत होता.

आता ताळा असा. खेळ खेळला जागेश्वरनं आणि मालकांनी. थंड खोली मिळाली गोदावरीबाईंना. जागेश्वरकडे म्हैस आली. आणि ज्या पार्वताबाईनं कॉम्प्युटर डोळ्यानं पाहिलेला नव्हता, तिच्या खुराड्यात लग्नाचं सामान घ्यायची वेळ येईपर्यंत एक कोंबडा तेवढा उरला.