राबाची जागा

डोक्यावरची पालापाचोळ्याची पाटी शकूनं उतरवलीच नाही. उतरवणार कुठं? शेताच्या वरच्या कोपऱ्यात कालपर्यंत तिचा शेणाचा ढीग होता. आज तिथं ट्रॅक्टरच्या सऱ्या, सऱ्यांत खोवलेल्या गवताच्या कांड्या आणि काळ्या नळ्यांतून ठिबकणारं पाणी.

"कोनी केलं ह्ये?"

बांधावर धनेश उभा होता. गावचाच पोरगा, आता गॅसच्या कंपनीचा मुकादम.

"तुज्या महेंद्रनीच दिला ना तुकडा, काकी. हत्ती गवत लावलंय. पाच वर्सं बघायलाच नको."

"आनि माजं शेन?"

"त्ये पन टेम्पोत गेलं. टाकीत शेन, गवत सगलं कुजवतात, मंग गॅस निंगतो."

"म्हंजे गवत गाय नाय खायाची?"

"टाकी खाईल, काकी!" धनेश हसला.

शकू हसली नाही. पाटी तशीच डोक्यावर घेऊन ती माघारी वळली. खडवलीला नदीकाठची शेतं एकेक करून गवताला गेली होती. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढं हिरवंगार गवत सळसळत होतं, आणि त्यात कुणाच्या पोटाला एक दाणा नव्हता.

महेंद्र अंगणात गाडी पुसत होता.

"आई, चिडू नको ना. खालची भाताची खाचरं सोडली की मी तुझ्यासाठी! वरचा तुकडा तर वर्षभर पडीकच असतो."

"पडीक?" तिचा आवाज चिरकला. "राब कुठं भाजू मी? तुज्या डोक्यावर?"

वरच्या कोपऱ्यात शेण-पाला पसरून आई दर उन्हाळ्यात जाळते तो राब, एवढंच महेंद्रला ठाऊक होतं. त्याच भाजलेल्या जमिनीत भाताचं बी पडतं, रोप वीतभर होतं, मग खाली लावणीला जातं, हे तो कधी बघायलाच आला नव्हता. खालच्या खाचरांत पाणी तुंबतं. तिथं टाकलेलं बी कुजून जातं. वरचा कोपरा म्हणजे रोपाचं माहेर. रोपं उपटताना शकू दरवर्षी गायची:

*रोप गं माझी बाय, माहेरी वाढली,*
*चिखलाच्या सासरी, हिरवी साडी नेसली.*

"माहेर इकलंस आनि सासर ठेवलंस माज्यासाठी," ती म्हणाली. "शाना!"

"विकलं नाही गं, भाड्यानं दिलंय. आणि सगळ्या गावानं दिलंय यार! तांदूळ आणू ना दुकानातून."

"ही तुजी गारी गॅसवरच चालते ना? मंग तिचं पोट भरलं. तू पेट्रोलपंपावर ताट घेऊन बस!"

सून कल्पिता दारात आली होती. तिनं तोंडावर पदर धरला, हसू होतं की रडू, कळलं नाही.

शकूनं पाटी उतरवली ती अंगणाच्या कडेला. गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. एके काळी इथं खळं होतं, भाताची झोडणी व्हायची. महेंद्रच्या लग्नात त्यावर लाल-पिवळे ब्लॉक बसले. गावात पाणी न तुंबणारी, तिच्या हक्काची एवढीच जागा उरली होती.

पहिला ब्लॉक निघाला. मग दुसरा.

"आई! काय करतेस? वेडी झालीस का?"

पहार वर जात होती, खाली येत होती. कपाळावरचा घाम कुंकवातून नाकावर उतरला. कल्पिता पायऱ्या उतरून आली आणि निघालेले ब्लॉक उचलून भिंतीला लावू लागली. महेंद्र दोघींकडे बघत राहिला.

पहार गाडीच्या चाकाशी येऊन थांबली.

"गारी काढ तठून."

महेंद्रनं खिशातून किल्ली काढली. गाडी मागं मागं जात फाटकाबाहेर गेली. शकूनं तिथला ब्लॉक उपटला, खाली वाकली आणि दबून दगड झालेली माती बोटांनी मोकळी करू लागली.