खुन्याची पावलं

"मॅडम, उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा. दाखवू?"

लेकीनं मान हलवली. बाबा तिला मॅडम म्हणत होते आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण सुरुवात तिनंच केली होती. सकाळी दिग्दर्शकानं विचारलं, "हे कोण?" आणि ती पटकन बोलून गेली, "लिफ्टचे मेकॅनिक. आमच्या ओळखीचे." बाबांच्या कॉलरला ग्रीस लागलं होतं, एवढंच निमित्त. त्यांनी ते ऐकलं आणि निमूटपणे ओळखीचे झाले.

तिनं लिहिलेल्या रहस्यपटातला खुनी लंगडा होता. नटाला तसं चालायला शिकवावं, पावलांचा आवाजही रेकॉर्ड करून घ्यावा, म्हणून तिनं त्यांना आणलं होतं. तरुणपणी कामावर पडून त्यांचा पाय कायमचा अधू झाला होता.

"आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, साहेब," ते नटाला सांगत होते, "पण चढलो जिनेच. बोलावणं येतं तेव्हा लिफ्ट बंदच असते की!"

सगळे हसले. लेकही हसली, ओळखीच्या माणसाच्या विनोदाला हसावं तशी, बेतानं.

दिग्दर्शक खुशीत होता. "आपल्या सिनेमात कुणालाही वगळलेलं नाही. डॉक्टर काळीसावळी आहे, वकील बुटका आहे, गायिका आंधळी आहे. सगळ्यांना जागा!"

"वा," बाबा म्हणाले. "आणि खुनाला लंगडा."

परतताना बसमध्ये शेजारी बसल्यावर मॅडमची पुन्हा चिमी झाली.

"चिमे, एक सांगू? लंगडा माणूस जिन्यावरून गुपचूप येऊच शकत नाही गं. तुझी आई दोन मजले वरून माझी चाहूल ओळखायची आणि चहाचं आधण ठेवायची. मी खून करायला निघालो, तर अख्खी इमारत दारं उघडून विचारेल, काय हो, आज उशीर?"

"बाबा, प्रेक्षक एवढा विचार करत नाहीत."

"नसतील. तुला जास्त कळतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. कॉलर त्यांनी आत दुमडून घेतली होती.

तिला सकाळचं बोलायचं होतं. रविवारी घरी जाऊ तेव्हा बोलू, असं मनाशी म्हणत ती आपल्या थांब्यावर उतरली.

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर ते दम खायला बसले, ते उठलेच नाहीत. लिफ्ट बंद होती.

दोन महिन्यांनी स्टुडिओत खुनाच्या प्रसंगाला आवाज जोडायचं काम निघालं. पडद्यावर अंधारा जिना. वरून पावलं येऊ लागली. एक ठाम, एक फरपटत.

"अंगावर काटा आला!" दिग्दर्शक म्हणाला.

लेकीला भीती वाटली नाही. तिला उठून चहाचं आधण ठेवावंसं वाटलं.

पावलं थांबली. पण रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं. धाप लागलेला एक आवाज आला, "मॅडम, बरोबर आलं का?"

"एवढं कापून टाकतो," बटणांपाशी बसलेला ध्वनिमुद्रक म्हणाला. तिनं त्याचा हात धरला.

"बरोबर आलं, बाबा."

दिग्दर्शक वळला. "कोण बाबा?"

"हे. लिफ्टचे मेकॅनिक. माझे वडील आहेत," ती म्हणाली. "आणि खून त्यांनी केलेला नाही."