सातवी कळी

"आता सगळ्यांनी वर बघा आणि कळ्या मोजा," किमया म्हणाली, आणि चौदा माणसांनी माना मागे टाकल्या. इब्राहिमने टाकली नाही. तो दरवाजाच्या पायथ्याशी वाकून दगडाचा सांधा बघत होता.

किमया वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. दर रविवारी सकाळी ती हौशी मंडळींना पुण्यातली जुनी बांधकामं आणि बागा पायी फिरवून दाखवायची. आज नदीकाठच्या जांभूळबागेची पाळी होती. दगडी दरवाजा, त्याच्या आत हौद, हौदाभोवती जुनी झाडं. इब्राहिम पिरंगुटहून आला होता, नात मन्तशाबरोबर. मन्तशा हिंजवडीत नोकरीला. मोबाइलवर फिरायच्या जागांची यादी ती सहज मोठ्याने वाचत होती, तेव्हा जांभूळबागेचं नाव आलं आणि दादा म्हणाला, "मला बी ने." आयुष्यभर गवंडीकाम केलेला त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस पैसे भरून भिंती बघायला जातो म्हणतोय, याचं तिला भारी नवल वाटलं होतं.

सकाळपासून तो बघतही होता गवंड्यासारखाच. सगळे कमानीचे फोटो काढत होते तेव्हा हा बोटाच्या पेराने दगड ठोकून आवाज ऐकत होता. हौदाचं पाणी कुठून येतं आणि जास्तीचं कुठून जातं, ते शोधायला त्याने अख्ख्या हौदाला फेरी मारली. एका भिंतीला कुणीतरी सिमेंट थापलेलं दिसलं, तर लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. "दादा, लोक बघतायत," असं मन्तशा दोनदा म्हणाली आणि मग तिने नाद सोडला.

"अकरा," निरंजन म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. किमयाच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असायचं.

"बरोबर. दरवाजाच्या वर अकरा कमळकळ्यांची पट्टी. दहा कळ्यांची टोकं आकाशाकडे आहेत. सातवी मात्र खाली बघतेय. कारागिरांनी ती मुद्दाम उलटी बसवली, असं म्हणतात. इतक्या देखण्या कामाला दृष्ट लागू नये म्हणून."

मंडळी खूश झाली. मोबाइल वर झाले. मन्तशानेही फोटो काढला आणि दाखवायला वळली, तर दादाचा चेहरा पार उतरला होता.

चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ती कळी अजून आहे का, की कुणी सरळ केली, एवढंच बघून इब्राहिम गुपचूप घरी जाणार होता. पण ती होती, आणि लोक तिचं कौतुक करत होते. गप्प राहिलं तर विषय कायमचा मिटत होता. मात्र गप्प तो एकदा राहिला होता, आणि त्याची भरपाई दुसऱ्याच माणसाने केली होती.

"पोरी," तो किमयाला म्हणाला, "ती दृष्टीबिष्टीची न्हाई. ती चुकून बसलीय."

"कशावरून?" निरंजन म्हणाले. "इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय."

"आसंल. पन बसवलीय मी."

किमयाला राग आला नाही. तिचे डोळे उलट मोठे झाले. "सांगा ना, आजोबा. नीट सांगा."

इब्राहिम पायरीवर टेकला. "माझं अब्बा चांदभाई. मुळशीत त्यांच्यावानी चुन्याचं काम करनारा दुसरा न्हवता. ही पट्टी ढिली झालती, म्हून सरकारी साहेबानं आमाला बोलावलं. दगड उतरवलं, मागनं गेरूनं खुणा केल्या, पुन्यांदा बसवाय घेतलं. अब्बांचा कायदा येकच. नक्षीचा दगड सोता तळहातावर फिरवून बगायचा, मंगच चुन्यात ठेवायचा. त्या दिशी होता जुम्मा. ते नमाजाला गेलं. जाताना म्हनलं, मी येईस्तोवर नक्षीला हात लावू नगं."

"आणि तुम्ही लावलात," मन्तशा म्हणाली.

"त्या सांजच्याला तुझ्या आजीच्या घरची मान्सं लगनाची तारीख धरायला येनार हुती. मला चारची येश्टी गाठायची हुती." हे सांगताना या वयातही तो थोडा लाजला. "दगड चुन्यात बसवायच्या आदी भिजत घालत्यात. त्या पान्यात गेरूची खूण धुवून गेली. कळी बी झिजल्याली, वर कुटलं नि खाली कुटलं, जवळनं उमगंना. अब्बांना इचारून बसवतो म्हनलं आस्तं तर कायबी बिगडत न्हवतं. दिली ठेवून."

"मग ते परत आल्यावर त्यांना दिसलं नाही?" किमयाने विचारलं.

"चुना वाळू नये म्हून वर वलं गोनपाट टाकत्यात, ते मी आदीच टाकल्यालं. तीन आठवड्यांनी गोनपाट काडलं, परांची उतरवली, तवा खालनं सगळ्यांनाच दिसलं. साहेब तापला. म्हनला, ही कुनी बसवली?"

इब्राहिमने सातव्या कळीकडे पाहिलं. हौदाकडून कुणाचं तरी लहान मूल ओरडल्याचा आवाज आला. पुढचं वाक्य त्याने आजवर घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, अमिनालाही नाही, आणि ती जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

"अब्बा म्हनलं, मी. माज्या तोंडातनं शबुद फुटला न्हाई. त्या दिसापासनं अब्बांना नक्षीचं काम कुनी दिलं न्हाई. मरस्तोवर गोठं नि कंपाउंडच्या भिती बांदल्या त्यांनी. हात आसा व्हता त्यांचा, आन् बांदलं गोठं."

आता कुणी फोटो काढत नव्हतं. निरंजननी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले.

"पण त्यांना ठाऊक होतं ना, की तुम्हीच बसवलीय?" मन्तशाने विचारलं.

"आमी दोघंच तर हुतो कामावर."

"मग काहीच बोलले नाहीत तुम्हाला?"

"बोललं की. साहेब गेल्यावर हितंच, ह्या जांभळीखाली बसलं. फडकं सोडलं आन् म्हनलं, जेवून घे, भाकरी वाळंल. बास. पुन्यांदा कदी इषय न्हाई काडला. येकदा तरी शिवी घातली आस्ती तर मी सुटलो आस्तो."

किमया त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, यंदा या दरवाजाची डागडुजी होणार आहे. मी पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांना लिहू शकते. कळी सरळ करून घेता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

दरवाजाच्या आतून वर जायला अरुंद जिना होता आणि त्याच्या खिडकीतून त्या पट्टीपर्यंत हात पोचत असे. इब्राहिमला ते ठाऊक होतं. गुडघ्यांवर हात ठेवत तो चढला, मागून मन्तशा. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला, कळीवरून फिरवला आणि कळीखालच्या सांध्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. चुना पिकून दगडासारखा घट्ट झाला की नाही हे अब्बा असंच बघायचे. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून, बैलाच्या घाण्यात मळून केलेला चुना होता तो. इब्राहिमने जोर लावला. नख दुखलं, पण आत शिरलं नाही.

"सरळ नगं करू," खाली येऊन तो किमयाला म्हणाला. "काडायला जाशीला तर कळी फुटंल, सांदा सुटायचा न्हाई. अब्बांचा चुना हाय त्यो. फकस्त लोकांना दृष्टीचं सांगू नगं आता. चूक पोराची, चुना बापाचा, आसं सांग."

किमयाने वही उघडली. "त्यांचं पूर्ण नाव?"

"चांदभाई. फुडं गवंडी लिव. पिरंगुट."

ती लिहीत असताना तो तिच्या पेनाकडे बघत राहिला. लिहून झाल्यावर त्याने ते तिला एकदा वाचूनही दाखवायला लावलं. मग मंडळी पुढे नदीकाठच्या घाटाकडे निघाली. निरंजन जाता जाता इब्राहिमसमोर थांबले. नमस्कार करून ते गेले.

हे दोघे मागेच राहिले. जांभळीखाली सावली होती. इब्राहिमने पिशवीतून फडकं काढून सोडलं. त्यात भाकरी होती, मेथीची भाजी आणि लसणाची चटणी. मन्तशा मात्र दरवाजाकडे तोंड करून बसली होती. सातव्या कळीवरची तिची नजर हलत नव्हती आणि डोळे भरून आले होते. तिला बहुधा काही विचारायचं होतं.

"जेवून घे," इब्राहिम म्हणाला. "भाकरी वाळंल."