तिरकं कार्ड

मिश्र जोड्यांच्या ब्रिज स्पर्धेत नवरा-बायकोने एकत्र खेळू नये, असा नियमच करायला हवा. तीन दिवस त्या हॉलमध्ये बसून माझं हे मत पक्कं झालं आहे. जगभरातून आलेल्या दोनशे जोड्या, आणि डाव संपला रे संपला की प्रत्येक टेबलावर एक पुरुष एका बाईला काहीतरी समजावून सांगतोय. भाषा निरनिराळ्या, सूर मात्र एकच. बाई बिचारी पर्समध्ये नसलेली वस्तू शोधत बसलेली.

आमच्या टेबलावरचे पुरुष म्हणजे आमचे वकीलसाहेब, माझे यजमान. नाकाने कांदे सोलण्यात यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी दातांची डॉक्टर. माझ्यापुढे माणसं तोंड उघडतात ती गप्प बसण्यासाठी, त्यामुळे घरातला हा सततचा उघडा जबडा मला जास्तच जाचतो. माझ्या नणंदेच्या मते तिचा दादा ब्रिजमधला चमत्कार आहे. चमत्कार कसला डोंबलाचा! चमत्कार होता तो खोकला. क्लबात यांच्याकडे पानं चांगली आली की घशात खवखव व्हायची, आणि पानं फडतूस असली की घसा ठणठणीत. मला ते कळायचं आणि तीस वर्षं मी त्याप्रमाणे खेळत आले, हेही लिहून टाकते. कपाटातले निम्मे चषक त्या खोकल्याचे आहेत. मला त्यांची धूळ पुसायचीसुद्धा लाज वाटते.

म्हणूनच या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा मी हरखले. आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन भागीदारांच्या मधोमध लाकडी पडदा असतो. भागीदाराचं तोंड दिसत नाही. बोली, म्हणजे आपण किती हात जिंकू याचा दावा, तोंडाने बोलायची नाही, छापील कार्ड एका ट्रेमध्ये ठेवायचं, आणि पडद्याखालच्या फटीतून ट्रे पलीकडे सरकवायचा. कुणी फारच खोकलं तर पंच येऊन पाण्याचा ग्लास ठेवतो आणि जाताना नाव टिपून घेतो. माझ्या मनात एकच होतं. आपल्या स्वतःच्या अकलेवर आपण कुठवर पोचतो, ते एकदा बघायचं. अंतिम फेरी गाठायची, एकदाच. त्यासाठी वर्षभर मी दुपारचा दवाखाना बंद ठेवून अभ्यास केला होता.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या डावात ट्रे माझ्याकडे आला आणि यांचं कार्ड त्यात तिरकं पडलेलं दिसलं. पुढच्या डावात सरळ. मग पुन्हा तिरकं. जेवायच्या सुट्टीपर्यंत माझ्या लक्षात आलं, की तिरकं म्हणजे बोलीत दाखवलंय त्याहून ताकद जास्त आहे, आणि सरळ म्हणजे जेमतेम आहे. मला यांनी आधी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. वकील माणूस, पुरावा कशाला मागे ठेवेल? बायको आहे, आपोआप समजेल, एवढा यांचा भरवसा. मला इतकी किळस आली की समोरचं सूप तसंच राहिलं.

भांडले नाही. भांडून यांच्याशी कुणी जिंकलेलं नाही. मी वेगळाच मार्ग काढला. ट्रे पलीकडे गेला की तो परत यायच्या आतच मी माझं ठरवून टाकायचे. हे अमुक म्हणाले तर मी तमुक म्हणणार, आणि तसं म्हणालेच नाहीत तर थांबणार. मग कार्ड तिरकं असो की उलटं, मला फरक पडत नव्हता. तीन दिवस मी अशी खेळले आणि आम्ही वर चढत गेलो. रोज रात्री हे आरशापुढे उभे राहून म्हणायचे, “बघ, मी असलो की कसं जमतं!” मी पलंगाच्या दुसऱ्या कडेला तोंड फिरवून झोपायचे.

उपांत्य फेरीचा शेवटचा डाव आला. पहिल्या चाळीस जोड्या पुढे जाणार होत्या आणि आम्ही छत्तिसावे होतो. पडद्याच्या माझ्या बाजूला प्रतिस्पर्धी जोडीतली एक उंच बाई होती, यांच्या बाजूला तिचा दाढीवाला भागीदार. माझी पानं सुंदर होती. यांनी बदामाने सुरुवात केली, मी ताकद दाखवली. आता हे चार बदाम म्हणाले, तर मी सहा म्हणणार. सहा म्हणजे तेरापैकी बारा हात आपण जिंकू, अशी छातीठोक बोली. मी मनात दोनदा पडताळून पाहिलं आणि पक्कं केलं. ती बोली सर्वस्वी माझी होती.

ट्रे आला. चार बदाम. आणि कार्ड इतकं तिरकं, की ट्रेमधून जवळजवळ बाहेर पडत होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाने माझी बोली चोरली होती. आता मी सहा म्हणाले असते तर ते सहा यांचे झाले असते. मी आधीच ठरवलं होतं हे जगाला सोडाच, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर मला स्वतःलाही पटवता आलं नसतं. भागीदाराकडून चोरून काही कळलं, तर ते सुचवतं त्याच्या उलट वागायचं, हा या खेळाचा नियमच आहे. माझा हात सहाच्या कार्डावर होता. मी तो उचलला आणि ‘पास’चं कार्ड ठेवलं. बोली चार बदामांवरच थांबली.

पहिलं पान पडलं, पडद्यातली छोटी खिडकी उघडली, आता हात यांनी खेळायचा होता, म्हणून मी ‘डमी’ होऊन माझी पानं टेबलावर उघडी मांडली. ती बघून यांचा श्वास मला पलीकडून ऐकू आला. बारा हात झाले. अगदी सहज झाले. चार म्हणजे दहाच हातांची बोली असल्यामुळे वरच्या दोन हातांचं मोल नगण्य. शेवटचं पान खाली पडताच हे त्या खिडकीत डोकं घालून ओरडले, “डोळे फुटले होते का तुझे? एवढं तिरकं ठेवलं होतं, दिसलं नाही तुला?”

त्या हॉलमध्ये आमची भाषा आम्हा दोघांखेरीज कुणालाही येत नव्हती. म्हणून तर एवढा आवाज. दाढीवाला मात्र यांच्या हाताकडे पाहत होता, मग तो उठून पंचांकडे गेला.

मी निकालाच्या फलकापाशी गेले. आमचं नाव खाली घसरलं, आणखी घसरलं, आणि एकोणचाळिसाव्या जागेवर थांबलं. आम्ही अंतिम फेरीत होतो! मी पास म्हणूनही, यांच्या तिरक्या कार्डाला न जुमानता पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझी खुर्ची तिथे असणार होती. हे मागून आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “वाचलीस! उद्या जरा नीट बघत जा.”

तेवढ्यात मुख्य पंच आल्या, पांढऱ्या केसांच्या, शांत बाई. त्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. प्रतिस्पर्ध्याची तक्रार होती, की साहेब कार्डं कधी सरळ, कधी तिरकी ठेवत होते, आणि डाव संपल्यावर बाईंना काहीतरी ओरडून बोलले. काय बोलले?

यजमानांनी कोर्टातलं हसू काढलं. इंग्रजी तर यांचं लोण्यासारखं. “मी तिला एवढंच म्हणालो, की खूप वेळ घेतेस. घरगुती कुरबूर हो, बाकी काही नाही. कार्डं आपली हात पडेल तशी पडतात.”

पंचबाईंनी ते लिहून घेतलं, मग माझ्याकडे वळल्या. “हे बरोबर आहे का?”

मला ती खुर्ची हवी होती. अजूनही हवी आहे, खोटं कशाला बोलू? ‘हो’ म्हटलं की ती माझी होती, हक्काने मिळवलेली. आणि उद्या दिवसभर पडद्याखालून तिरकी कार्डं येत राहिली असती.

हे माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच हसू, कपाळावर एक आठीसुद्धा नाही. तीस वर्षांत यांना माझ्याकडून कधी धोका वाटला नव्हता, तो आताही वाटत नव्हता. आमच्या भाषेत, अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, “हो म्हण आणि संपव.”

“आता काय म्हणाले ते?” पंचबाईंनी विचारलं.

“‘हो म्हण आणि संपव’ असं म्हणाले,” मी सांगितलं. “आणि टेबलावर म्हणाले होते, एवढं तिरकं ठेवलं होतं, दिसलं नाही तुला? लिहून घ्या, मी सावकाश सांगते.”